प्राध्यापक वर्गाबाहेर जातात तेव्हा...

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. ओवाळणे झाले होते, तबकातले निरांजन अजून तेवत होते आणि मी ताईच्या हातच्या अनारशांचा समाचार घेत होतो. अशा वेळी घरोघर जे विषय निघतात ते सर्व निघून गेले. सोन्याचा भाव झाला, कुणाच्या मुलीचे जमले ते झाले, यंदा चकलीची भाजणी का बिघडली तेही झाले. मग भाऊजींनी आपला ठेवणीतला विषय काढला. तो म्हणजे त्यांच्या मुलीच्या, अर्थात माझ्या भाचीच्या, कॉलेजची फी.

भाची मुंबईतल्या एका व्यवस्थापन-संस्थेत एम.बी.ए. करते. फीचा आकडा मी येथे देत नाही. ऐन दिवाळीत वाचकांच्या जिवाला घोर लावणे बरे नव्हे. एवढेच सांगतो की, त्या रकमेत आमच्या वडिलांनी पुण्यात घर बांधले असते आणि उरलेल्या पैशांत ताईचे लग्नही उरकले असते.

"आणि एवढे पैसे मोजून मिळतं काय?" भाऊजी म्हणाले. "यांचे एक प्राध्यापक आठवड्यातून एक दिवस कॉलेजात नसतातच. कुठल्याशा कारखान्यात सल्ला द्यायला जातात म्हणे! शिकवायला नेमलेल्या माणसानं शिकवावं की गावभर हिंडावं? तूच सांग, तुझ्या कॉलेजात चालेल का हे?"

मी मराठीचा प्राध्यापक. मला सल्ला विचारायला आजवर एकही कारखानदार आलेला नाही. तेव्हा "छे, मुळीच चालणार नाही!" असे मी मोठ्या तत्त्वनिष्ठेने सांगून टाकले. मिळत नाही त्या गोष्टीचा त्याग करणे फार सोपे असते.

भाची इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "बाबा, मलाही आधी ते खटकायचं. पण मामा, सर परत येतात तेव्हा काय घेऊन येतात ते बघायचंय का तुला?" आणि आतल्या खोलीतून तिने दोन छापील कागद आणून माझ्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवले.

पुठ्ठ्याची खोकी

त्या दोन कागदांवर एका लहान कारखान्याची हकीकत होती. कारखान्याचे नाव बदललेले होते आणि ती छापण्यास मालकांची संमती घेतलेली होती. मिठाईची आणि फराळाची पुठ्ठ्याची रंगीत खोकी तेथे तयार होत. गणपतीपासून दिवाळीपर्यंत कामाची झुंबड, आणि नेमक्या त्याच दिवसांत माल वेळेवर निघत नसे. मालकांचे म्हणणे असे की, कामगार सुस्त आहेत. त्यांना चपळ करणारी एखादी बोनसची योजना प्राध्यापकांनी आखून द्यावी. त्यासाठीच त्यांना बोलाविले होते.

दुसऱ्या कागदावर एका दिवसाची नोंद होती. छपाईचे यंत्र किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, खोकी चिकटविणाऱ्या बायका किती वेळ रिकाम्या बसल्या, हे सारे घड्याळ लावून टिपलेले होते. शेवटी एकच प्रश्न: प्राध्यापकांनी मालकांना काय सांगावे?

भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा चढविला आणि निकाल दिला, "जो जास्त खोकी चिकटवील त्याला जास्त पैसे. बोनस बांधून द्या." मी म्हणालो, कामगारांशी दोन शब्द गोड बोलावे, त्यांच्या अडचणी विचाराव्या. आमचा वाद चांगला रंगला. ताई परातीतल्या करंज्या डब्यात भरीत होती. तिने हात पुसले, दुसरा कागद उचलला, वरपासून खालपर्यंत एकदा बोट फिरविले आणि म्हणाली, "अरे, हे तर आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे. पोळ्यांचा तवा तापलाय, कणीक मळून ठेवलीय, आणि मधेच तुमच्यातला एक जण येऊन सांगतो, मला आत्ता डोसा हवा. हा तवा उतरवा, दुसरा चढवा, तो तापेपर्यंत हात बांधून उभे राहा. मग पुन्हा पोळ्या. आणि जेवायला उशीर झाला की सगळे म्हणणार, ही किती सावकाश करते!"

मी नोंद पुन्हा पाहिली. यंत्र त्या दिवशी सहा वेळा थांबले होते. प्रत्येक वेळी शाईचे रोलर धुऊन प्लेट बदलावी लागली होती, आणि प्रत्येक वेळी कारण एकच लिहिले होते: 'मधली ऑर्डर'. ती मधली ऑर्डर घेत होते खुद्द मालक. जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला की त्यांना नाही म्हणवत नसे. बोनस किती का वाढवाना, पुठ्ठाच पुढे आला नाही तर चिकटविणाऱ्या बायका काय चिकटविणार?

"आई," भाची म्हणाली, "हे शोधायला आमच्या वर्गाला चाळीस मिनिटं लागली!"

पुढचे तिने सांगितले ते मला अधिक मोलाचे वाटले. वर्गात हा उलगडा झाल्यावर एका विद्यार्थ्याने सरांना विचारले, तुम्हांला हे किती वेळात कळले? सर म्हणाले, "मी चार वेळा गेलो. पहिल्या तीन फेऱ्यांत मी मालकांच्या केबिनमध्ये बसून कामगारांचा अभ्यास केला. चौथ्या वेळी केबिनमध्ये पाहुणे होते म्हणून मला यंत्राजवळ स्टूल दिलं. तेव्हा कळलं." आणि मग त्यांनी वर्गापुढे खरा पेच टाकला. जो माणूस आपल्याला फी देणार आहे, त्यालाच 'दोष तुमच्या फोनचा आहे' हे कसे सांगावे? त्यावर उरलेला तास गाजला. कुणी म्हणे स्पष्ट सांगा, कुणी म्हणे अहवालात लिहा. सरांनी स्वतः काय केले होते? त्यांनी मालकांना एक कोरा तक्ता दिला आणि आठवडाभर मधल्या ऑर्डरी त्यांनाच आपल्या हाताने टिपायला लाविले. आठवड्यानंतर मालकांनी तक्ता परत केला तो मान खाली घालून. दुपारी दोनपर्यंत मधली ऑर्डर घ्यायची नाही, एवढे त्यांनी कबूल केले. पुढच्या हंगामात ते त्यांनी पाळले का? "अर्धंमुर्धं," सर म्हणाले.

ते 'अर्धंमुर्धं' ऐकले आणि माझी तत्त्वनिष्ठा डळमळली. पुस्तकातली उदाहरणे नेहमी सुफळ संपूर्ण होतात. अर्धामुर्धा शेवट सांगायला माणूस तेथे स्वतः जाऊन आलेला असावा लागतो.

जोड्यांच्या दुकानापासून सुरुवात

ही पद्धत कुणा एका सरांच्या डोक्यातून निघालेली नाही. घरी आल्यावर मी थोडे वाचन केले, तेव्हा तिचा इतिहास शंभर वर्षांच्याही मागे जातो असे आढळले.

अमेरिकेतले हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली स्थापन झाले. शाळा निघाली खरी, पण शिकवायचे काय? वैद्यकाला ग्रंथ होते, कायद्याला निवाडे होते. धंदा हा विषय तोवर वडिलांच्या गल्ल्यावर बसून शिकण्याचा. त्याचे पाठ्यपुस्तक कोठून आणणार? पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक. १९११ साली शाळेने व्यापारविषयक संशोधनाचे एक स्वतंत्र खाते काढले आणि पहिला विषय निवडला तो अगदी साधा: किरकोळ जोड्यांची दुकाने. जोडा विकायला दुकानदाराला खर्च किती येतो, एवढेच शोधायचे होते. तेथेच पहिली ठेच लागली. प्रत्येक दुकानदार हिशेब आपापल्या रीतीने ठेवीत होता. कुणी स्वतःचा पगार खर्चात धरी, कुणी धरीत नसे. कुणाच्या मालकीची जागा असली की भाडे शून्य. तेव्हा आकडे जमविण्याआधी सर्वांना चालेल अशी हिशेबाची एक सारखी पद्धतच या मंडळींना तयार करावी लागली. आपल्याला काय विचारायचे हेही जागेवर गेल्याशिवाय कळत नाही, हा धडा प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या आधी मिळाला.

१९१९ साली वॉलेस डोनम हे डीन झाले. ते मूळचे कायद्याचे पदवीधर. कायद्याच्या वर्गात खऱ्या खटल्यांवरून शिकवितात, तसे आपण खऱ्या धंद्यांच्या पेचांवरून का शिकवू नये, हा विचार त्यांनी नेटाने पुढे नेला. संशोधन-खात्याची माणसे कारखान्या-कारखान्यांतून हकीकती लिहून आणू लागली. या हकीकतीलाच 'केस' म्हणतात. १९२१ साली लिहिलेली पहिली केस एका जोड्यांच्या कारखान्याची होती, आणि जेमतेम पानभराची. पाळी संपण्याच्या बऱ्याच आधी कामगार हातातले काम थांबवीत. का थांबवीत आणि काय करावे? माझ्या भाचीच्या खोक्यांच्या कारखान्याची ही जणू थोरली बहीणच!

केस म्हणजे गोष्ट नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. गोष्टीला शेवट असतो. केस अशा ठिकाणी तोडलेली असते की, आता निर्णय घेतल्यावाचून सुटका नाही, आणि हाताशी माहिती मात्र अपुरी. संसारात तरी आपले निर्णय दुसरे कसे होतात?

बोलणाऱ्याला बोलू द्यावे

भाऊजींच्या बोनसच्या सूचनेचे काय झाले असते, याचाही पुरावा जुनाच आहे. शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा टेलिफोनची सामग्री बनविण्याचा मोठा कारखाना होता. १९२४ साली तेथील इंजिनियरांनी एक प्रयोग आरंभिला. दिव्यांचा उजेड वाढविला तर काम वाढते का? उजेड वाढविला तेथे काम वाढले. पण तुलनेसाठी ज्या गटाचा उजेड तसाच ठेवला होता, तेथेही ते वाढले! इंजिनियर बुचकळ्यात पडले. १९२८ पासून हार्वर्डचे प्राध्यापक एल्टन मेयो व त्यांचे सहकारी फ्रिट्झ रोथलिसबर्गर यांचा या कामाशी संबंध आला.

पुढे कामगारांच्या मुलाखतींचा कार्यक्रम झाला. वीस हजारांहून अधिक मुलाखती झाल्या. आरंभी मुलाखत घेणारे ठरविलेले प्रश्न विचारीत. कामगार मात्र प्रश्न सोडून भलतेच काही सांगू लागत. तेव्हा पद्धतच बदलली: आपण कमी बोलायचे, त्याला बोलू द्यायचे. तारा जोडणाऱ्या १४ पुरुषांच्या एका खोलीत तर वेगळेच दिसून आले. जास्त कामाला जास्त पैसे असूनही ही मंडळी दिवसाला अमुक एवढेच काम करायचे असे आपसांत ठरवून होती. जो अधिक करी त्याची थट्टा होई, जो कमी करी त्यालाही बोलणी बसत. पैशाच्या आमिषापेक्षा शेजाऱ्याचे मत जड! आपल्या चाळींतून वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको.

हा सारा अभ्यास १९३९ साली ग्रंथरूपाने आला आणि कामावरील माणसांचे परस्परसंबंध हा विषय व्यवस्थापनाच्या शिक्षणात कायमचा येऊन बसला. नंतरच्या संशोधकांनी हॉथॉर्नच्या आकड्यांवर आणि त्यांच्या अर्थावर पुष्कळ आक्षेप घेतले. तेही आज वर्गात शिकवितात, आणि ते योग्यच आहे. आपल्या गुरुजनांची मापे पुन्हा मोजून पाहायला विद्यार्थ्यांना शिकविणे, हेही संशोधनाचेच फळ होय.

अहमदाबादचे माग

हे सर्व अमेरिकेत झाले. आपल्याकडे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मुंबईहून रात्रीची गाडी धरली की सकाळी आपण अहमदाबादेत उतरतो.

१९५३ साली तेथील कॅलिको गिरणीत नवे स्वयंचलित माग बसविले होते. माग नवे, पण उत्पादन अपेक्षेइतके निघेना आणि कापडही खराब होई. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतले संशोधक ए. के. राइस यांना सल्लागार म्हणून बोलाविले गेले. त्यांना दिसले ते असे: कामाचे बारीक बारीक तुकडे केलेले होते. एक जण तुटलेले सूत सांधणार, दुसरा बाणा भरणार, तिसरा तेल घालणार. प्रत्येकाचा हात अनेक मागांवर, पण कोणताच माग कुणाचा नाही. राइस यांनी सुचविले की, थोड्या मागांसाठी एक लहान गट करावा आणि त्या मागांची सारी जबाबदारी गटाची असावी. कामगारांनी ही कल्पना इतकी उचलून धरली की, गटांत कोण कोण असावे हे त्यांनी आपले आपणच ठरवून टाकले. राइस यांनी १९५८ साली त्यावर पुस्तक लिहिले. ती गिरणी आता राहिली नाही. पण तिच्या मागांची कहाणी देशोदेशींच्या वर्गांतून अजून सांगितली जाते.

त्याच अहमदाबादेत १९६१ साली भारतीय व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली आय.आय.एम., स्थापन झाली. विक्रम साराभाई यांनी तिच्या उभारणीत पुढाकार घेतला आणि सहकार्य हार्वर्डचे होते. हार्वर्डच्या केसेस तयार मिळत होत्या. पण अमेरिकेतल्या कारखान्याचा पेच सोडवून अहमदाबादच्या मुलाला आपल्या बाजारपेठेचे, आपल्या कामगार संघटनांचे, आपल्या लायसेन्सच्या रांगांचे ज्ञान कसे व्हावे? प्राध्यापकांना बाहेर पडून इथल्या केसेस लिहाव्या लागल्या.

१९६५ साली रवी मथाई हे संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले. शिकविणे, संशोधन आणि सल्लागारी ही प्राध्यापकाच्या कामाची तीन अंगे एकमेकांना पोसतात, अशी त्या संस्थेची बैठक त्यांच्या काळात पक्की झाली. त्यांची दुसरी गोष्ट तर एखाद्या कीर्तनकाराने सांगावी अशी आहे. १९७२ साली त्यांनी संचालकपद आपण होऊन सोडले आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ पासून ते राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात जवाजा येथे जाऊ लागले. दुष्काळी मुलूख, तिथले चर्मकार आणि विणकर यांच्याबरोबर बसून, त्यांनी आपला धंदा आपणच कसा चालवावा, याची खटपट त्यांनी केली. मोठमोठ्या कंपन्यांचे शास्त्र जवाजाच्या चर्मकाराला उपयोगी पडते की नाही, याची ती परीक्षाच होती. आणि परीक्षा द्यायला विद्यार्थी न जाता गुरुजी गेले होते!

आपले धनंजयराव

मथाईंच्या आधी असेच एक गुरुजी आपल्या पुण्यात होऊन गेले. धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ, १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. ही संस्था व्यवस्थापनाची शाळा नव्हे, पण मुद्दा तोच आहे. गोदावरी आणि प्रवरा यांच्या कालव्यांच्या पाण्याने शेतकऱ्याच्या संसारात काय फरक पडला, याची पाहणी त्यांनी केली आणि तिचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. एवढ्यावर थांबले असते तरी विद्वान म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण त्याच प्रवरेच्या काठी, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारण्याच्या उद्योगात होते. धनंजयराव त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याची चाके फिरली. सहकाराविषयी धनंजयराव बोलत तेव्हा त्या बोलण्यामागे शेतकऱ्यांच्या सभेत ऐकून घेतलेली गाऱ्हाणी उभी असत.

आता तर उलटी गंगा वाहते आहे. २०१० साली हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांच्या अभ्यासातून आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांवर केस तयार झाली. मावळ-खेड-जुन्नरकडची ही माणसे; त्या वेळी त्यांची संख्या सुमारे पाच हजार. डब्यावरच्या चार खुणांच्या आणि लोकलच्या वेळापत्रकाच्या जोरावर ते काय करून दाखवितात, हे हार्वर्डचा विद्यार्थी शिकतो. आपण मात्र चर्चगेटच्या फलाटावर "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणून त्यांना ओलांडून जात होतो. पाहणे आणि दिसणे यांत एवढे अंतर आहे.

दिव्याखालचा अंधार

येथवर वाचून कुणी म्हणेल, मग सर्वच प्राध्यापकांना कारखान्यांत धाडावे! तसे मात्र नव्हे. भाऊजींच्या तक्रारीत तथ्य मुळीच नव्हते असे मी म्हणणार नाही.

सल्लागारीत पैसा आहे, आणि पैसा आला की त्याच्या मागोमाग सर्व काही येते. कंपनीच्या कामासाठी तास बुडविणारे, वर्गात येऊन आपण विमानाने कुठे कुठे गेलो याचेच पाठ देणारे प्राध्यापकही असतात. एकच सल्ला दहा गिऱ्हाइकांना विकला तर त्यात नवे शिकणे काहीच नाही. कंपनीने 'हे कुठे बोलायचे नाही' अशी अट घातली की ते ज्ञान वर्गापर्यंत पोचतच नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पाहणीचे फॉर्म भरून आणायला विद्यार्थ्यांना फुकटचे हमाल म्हणून राबवायचे आणि त्याला 'अनुभव' असे गोड नाव द्यायचे.

म्हणून चांगल्या संस्था सल्लागारीला बांध घालतात. वर्षाला किती दिवस बाहेर जायचे याची मर्यादा असते. आठवड्याला साधारण एक दिवस हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी मानतात. फीचा काही वाटा संस्थेला द्यावा लागतो. बांध नसला तर पाणी शेताला मिळत नाही, वाहून जाते.

ज्यांच्या घरी यंदा मुलामुलींच्या प्रवेशाची धावपळ होणार आहे, त्या पालकांनी नोकरीच्या पगाराचे आकडे जरूर विचारावे. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्या. इथल्या प्राध्यापकांनी अलीकडे स्वतः जाऊन लिहिलेली अशी कोणती केस वर्गात शिकविली? ते बाहेरच्या कामाला जातात तेव्हा बुडालेला तास भरून काढतात का? आणि विद्यार्थ्यांना बरोबर नेतात तेव्हा विचार करायला नेतात की कागद वाहायला? हे प्रश्न गुळगुळीत माहितीपत्रकाला विचारू नयेत. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कॅन्टीनमध्ये गाठून विचारावे.

माझे पिवळे कागद

आता माझ्याविषयी. मी वर्गात 'व्यावहारिक मराठी' शिकवितो. अर्ज कसा लिहावा, अहवाल कसा लिहावा, माहितीपत्रक कसे असावे. वीस वर्षे शिकवीत आहे, आणि माझ्या टिपणांचे कागद आता पिवळे झाले आहेत. भाऊबीजेच्या रात्री परतताना गाडीत एकाएकी लक्षात आले की, या वीस वर्षांत मी कुणासाठी एकही अहवाल लिहिलेला नाही. पोहायला शिकविणारा मी, आणि अंग कोरडे!

योगायोग असा की, थोड्याच दिवसांनी आमच्या कॉलेजातला एक शिपाई पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आला. त्याने साडूच्या कर्जाच्या कागदावर सही केली होती. साडूने हप्ते थकविले आणि पतपेढीची नोटीस याच्या घरी आली. "सर, मी तर साक्षीदार म्हणून सही केली होती हो!" तो म्हणाला. मी कागद पाहिला. तो साक्षीदार नव्हता, जामीनदार होता. 'वैयक्तिकरीत्या व संयुक्तरीत्या उत्तरदायी' असे त्यावर शुद्ध मराठीत छापलेले होते. त्याच मराठीत, जे मी वर्गात शिकवितो.

त्याची सही काही मला पुसता आली नाही; तो आजही पगारातून हप्ते भरतो आहे. पण त्या पतपेढीचे चिटणीस माझे जुने विद्यार्थी निघाले. त्यांना म्हटले, तुमचा अर्ज मी नव्याने लिहून देतो. दोन दिवस खपून मी उत्तम मराठीत मसुदा केला आणि मोठ्या ऐटीत पतपेढीच्या खिडकीशी जाऊन बसलो. पहिल्याच भाजीवाल्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "म्हणजे पैसे कुणी भरायचे?" माझ्या मसुद्यात 'हमी' होती, 'दायित्व' होते, आणि नेमके तेवढे उत्तर नव्हते.

तेथेच खिडकीशी बसून मी लिहिले: 'कर्ज घेणाऱ्याने पैसे भरले नाहीत, तर ते तुम्हांला भरावे लागतील.' बाईंनी ते वाचले आणि शेजारच्या सहीच्या जागेवरून हात मागे घेतला. म्हणाल्या, "मग घरी विचारून येते." माझ्या आयुष्यात माझ्या मराठीचा इतका तत्काळ परिणाम कुणावर झालेला मला आठवत नाही.

जुना अर्ज, माझा पहिला मसुदा आणि ते शेवटचे वाक्य, असे तिन्ही कागद मी वर्गात नेले. कोणता माझा ते सांगितले नाही. मुलांनी माझ्या मसुद्याची जी चिरफाड केली ती येथे सांगण्यासारखी नाही. पण तो तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठले नाही, एवढे नमूद करतो. एका मुलीने विचारले, "सर, इतकं स्पष्ट लिहिलं तर जामीनदार मिळतील का? मग गरजूला कर्ज कसं मिळणार?" या प्रश्नाचे उत्तर माझ्या पिवळ्या कागदांत नव्हते. चिटणिसांना विचारून येतो, असे मी सांगितले. त्यांच्यापाशीही नव्हते. आता आम्ही दोघे आणि तो वर्ग मिळून ते शोधीत आहोत.

सल्ल्याची फी म्हणून चिटणिसांनी पेढ्यांचा एक पुडा दिला. संस्थेचा वाटा म्हणून अर्धा मी स्टाफरूममध्ये ठेवला.

यंदाची भाऊबीज आता आली आहे. नवा अर्ज अजून छापायला गेलेला नाही. ओवाळणीच्या पाकिटाबरोबर तो खिशात घालून मी ताईकडे जाणार आहे. ती अनारसे तळीत असेल तेव्हा तिच्या हाती देईन आणि विचारीन, यात पैसे कुणी भरायचे ते कळते का? तिने एकदा बोट फिरवून बरोबर सांगितले, की मगच तो छापायचा.